पदार्थविज्ञानाचीं उदाहरणें कशीं सोडवावीं?

पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं सरावासाठीं कांहीं उदाहरणें दिलेलीं असतात. प्रकरण वाचतांना मुलाला सर्व कांहीं समजलें असें वाटतें. नियम तोंडपाठ होतो, सूत्र वहींत उतरतें, आकृतीही नीटनेटकी काढली जाते. परंतु पहिलें उदाहरण समोर आलें कीं लेखणी थबकते. मग सूत्रांची यादी उघडावयाची, उदाहरणांतील आंकडे ज्यांत बसतील तें सूत्र निवडावयाचें, गुणाकार-भागाकार उरकावयाचा आणि पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर जुळलें कीं सुटकेचा निःश्वास टाकावयाचा, असा क्रम पुष्कळ घरांतून चालूं असतो.

आज तर एवढेही श्रम घ्यावे लागत नाहींत. यंत्राला प्रश्न विचारला कीं रीतीसह उत्तर क्षणांत हजर होतें. तेव्हां पालकांच्या मनांत शंका येणें स्वाभाविक आहे कीं, उत्तर आयतें मिळत असतां मुलांनीं या उदाहरणांपायीं वेळ कां दवडावा? या शंकेचें समाधान उपदेशानें होण्यासारखें नाहीं. चारदोन उदाहरणें प्रत्यक्ष सोडवून पाहिलीं, म्हणजे त्यांतून काय मिळतें तें आपोआप ध्यानांत येईल.

पहिलें उदाहरण अगदीं साधें आहे. एक मोटार १२० किलोमीटर दूर असलेल्या गांवीं ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाते आणि त्याच रस्त्यानें ताशीं ४० किलोमीटर वेगानें परत येते. तर संपूर्ण प्रवासांतील तिचा सरासरी वेग किती? साठ आणि चाळीस मिळून शंभर, शंभरांचे निम्मे पन्नास, असें उत्तर ओठांवर तयार असतें. तें चूक आहे. सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतराला एकूण वेळानें भागून जें येतें त्याला सरासरी वेग म्हणतात. जातांना २ तास लागले, येतांना ३ तास लागले. २४० किलोमीटर अंतर ५ तासांत तोडलें. म्हणून सरासरी वेग ताशीं ४८ किलोमीटर. मोटार मंद गतीनें अधिक वेळ चालली, म्हणून मंद गतीचें वजन सरासरींत अधिक पडलें.

पन्नास आणि अठ्ठेचाळीस यांत फरक तो काय, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं हेंच उदाहरण थोडें फिरवून विचारावें. जातांना ताशीं ४० किलोमीटर वेगानें गेलेल्या मोटारीनें परत येतांना किती वेगानें यावें, म्हणजे संपूर्ण प्रवासाची सरासरी ताशीं ८० पडेल? घाईनें उत्तर देणारा १२० म्हणून मोकळा होतो. पण २४० किलोमीटरांना ताशीं ८० ची सरासरी पडण्यास एकूण ३ तासच लागावयास हवेत, आणि ते तीनही तास जातांनाच संपले आहेत! परत येण्यास एक क्षणही उरलेला नाहीं. मोटार कितीही वेगानें हांकली तरी ही सरासरी साधणार नाहीं. 'हें होणें शक्य नाहीं' हेंही उदाहरणाचें उत्तर असूं शकतें, ही गोष्ट ज्या मुलाला एकदां उमगली, तो पुढें आंकड्यांना सहसा फसत नाहीं.

दुसरें उदाहरण विहिरीचें. विहिरीच्या कांठावरून हातांतील दगड अलगद सोडला आणि २ सेकंदांनीं पाण्याचा आवाज कानीं आला, तर पाणी किती खोल आहे? येथें गॅलिलिओचें ऋण मानावें लागतें. इटलींतील या विद्वानाचा गतिविषयक ग्रंथ हॉलंडांतील लायडन येथें १६३८ सालीं प्रसिद्ध झाला. पडणारा पदार्थ डोळ्यांदेखत भर्रकन खालीं जातो, त्याचा वेळ मोजावा कसा? त्यानें युक्ति केली. लांकडी फळीला गुळगुळीत खांचण पाडून ती तिरपी ठेवली आणि तींतून पितळेसारख्या धातूची गोळी घरंगळत सोडली, म्हणजे पडण्याची क्रिया मंदावली. वेळ मोजण्यासाठीं भांड्यांतून बारीक धारेनें गळणारें पाणी धरून त्याचें वजन केलें. त्यावरून असें दिसलें कीं, पहिल्या क्षणांत गोळी १ भाग अंतर गेली, तर पुढील तितक्याच वेळांत ३ भाग, त्यापुढें ५ भाग, मग ७ भाग जाते. एकूण अंतरें १, ४, ९, १६ अशीं होतात. म्हणजे अंतर वेळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें.

पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदास सेकंदाला ९.८ मीटरांनीं वाढतो. पहिल्या क्षणीं दगडाचा वेग शून्य. २ सेकंदांनंतर तो १९.६ मीटर. सारखा वाढत जाणारा वेग असल्यामुळें मधला वेग ९.८ धरावा, त्या वेगानें २ सेकंदांत १९.६ मीटर अंतर होतें. पुस्तकाच्या शेवटींही हेंच उत्तर सांपडेल.

खरा अभ्यास मात्र येथून पुढें सुरू होतो. हें उत्तर काढतांना कोणत्या गोष्टी न बोलतां गृहीत धरल्या? दगड सोडला, फेंकला नाहीं, ही एक. हवेनें त्याला अडविलें नाहीं, ही दुसरी. आणि पाण्याचा आवाज वर येण्यास वेळच लागला नाहीं, ही तिसरी. आवाज हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो; तेव्हां इतक्या खोलीवरून वर येण्यास त्याला सेकंदाचा सुमारें अठरावा भाग लागेल. तेवढा वेळ २ सेकंदांतून वजा करून पुन्हां गणित मांडलें, तर खोली सुमारें १८.५ मीटर येते. म्हणजे पहिलें उत्तर मीटरभर अधिक होतें. दोर विकत घेणाऱ्यास या मीटराची फारशी अडचण नाहीं. पण आपलें उत्तर किती पक्कें आणि किती कच्चें हें ज्याला सांगतां येतें, त्याला तो विषय समजला असें म्हणावें.

हवेच्या अडथळ्याचें तसेंच आहे. दगडाच्या बाबतींत इतक्या अंतरांत तो सोडून दिला तरी चालतें. पण तेंच सूत्र पावसाच्या थेंबाला लावून पाहावें. एक हजार मीटर उंचीवरच्या ढगांतून निघालेला थेंब या हिशेबानें जमिनीवर पोंचतांना सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशीं ५०० किलोमीटरांहून अधिक वेगानें येईल! आषाढांतल्या पहिल्याच सरीनें माणसें जखमी होऊन पडावयाचीं. प्रत्यक्षांत पावसाच्या मोठ्या थेंबाचा वेगही सेकंदाला सुमारें ९ मीटरांपलीकडे जात नाहीं, कारण वेग वाढतां वाढतां हवेचा विरोधही वाढतो आणि लौकरच तो थेंबाच्या वजनाबरोबर होतो. त्यापुढें वेग वाढत नाहीं. सूत्र खोटें नव्हतें; तें त्याच्या हद्दीबाहेर नेलें, एवढीच चूक झाली. सूत्र पाठ करतांना त्याची हद्दही पाठ केली पाहिजे.

तिसरी गोष्ट एककांची. भारतांत १९५६ सालच्या कायद्यानें दशमान वजनें-मापें स्वीकारलीं गेलीं. त्यापूर्वींचीं शाळेंतील पुस्तकें फूट-पौंडांत होतीं आणि त्यांत पडणाऱ्या वस्तूच्या वेगाची वाढ ३२ अशी दिलेली असे. बत्तीस आणि ९.८ हे दोन निराळे निसर्गनियम नव्हेत. एक फुटांत मोजलेला, दुसरा मीटरांत, इतकेंच. परंतु घरांतील वडील मंडळींच्या तोंडीं एक संख्या आणि मुलाच्या पुस्तकांत दुसरी, यामुळें त्या संक्रमणाच्या काळांत घोटाळा होणें साहजिक होतें. एककावांचून लिहिलेली संख्या ही पत्त्यावांचून टाकलेल्या पत्रासारखी आहे. ती कोठें जाऊन पडेल याचा नेम नाहीं.

हा घोटाळा किती महाग पडूं शकतो, याचा दाखला कॅनडा देशांत घडलेला आहे. तो देशही त्या वेळीं जुन्या मापांतून दशमान मापांत येत होता. १९८३ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस एअर कॅनडाचें एक बोइंग ७६७ विमान माँट्रिअलहून ओटावामार्गें एडमंटनला जावयाचें होतें. टाकींतील इंधन दाखविणारीं यंत्रें बिघडलीं होतीं, म्हणून इंधन पट्टीनें मोजून हिशेबानें भरावयाचें ठरलें. प्रवासाला इंधन हवें होतें २२,३०० किलोग्रॅम. टाक्यांत आधींचें शिल्लक होतें ७,६८२ लिटर. आणखी किती लिटर भरावें? उदाहरण शाळेंतील घनतेच्या प्रकरणांत शोभेल इतकें सोपें आहे.

त्या इंधनाचें एक लिटर वजनाला सुमारें ०.८ किलोग्रॅम भरतें. तेव्हां शिल्लक इंधन झालें ६,१०० किलोग्रॅमांहून थोडें अधिक, आणि वर भरावयास हवें होतें सुमारें २०,००० लिटर. पण हिशेब करणाऱ्यांनीं ०.८ च्या जागीं १.७७ हा आंकडा घेतला. हा आंकडाही खोटा नव्हता. तो एका लिटराचें वजन पौंडांत सांगणारा होता आणि जुन्या विमानांसाठीं वर्षानुवर्षें तोच वापरांत होता. पौंडांचा आंकडा घेतला आणि उत्तर किलोग्रॅमांत समजलें! त्यामुळें शिल्लक इंधन १३,५९७ किलोग्रॅम असल्याचा भास झाला आणि केवळ ४,९१७ लिटर भरून विमान मार्गस्थ झालें. लागणाऱ्या इंधनाचा निम्मा भागही त्यांत नव्हता.

सुमारें ४१,००० फूट उंचीवर असतां विमानाचीं दोन्ही इंजिनें एकामागून एक बंद पडलीं. विमानाचे कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचीं विमानें तरंगत नेण्याचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील हवाईदलाचा जुना तळ ठाऊक होता. त्या तळावर त्या दिवशीं मोटारींच्या शर्यतीसाठीं माणसें जमलेलीं होतीं. तशा स्थितींतही विमान तेथें उतरविण्यांत आलें आणि आंतील ६१ प्रवासी व ८ कर्मचारी असे सर्व ६९ जण वांचले. वैमानिकांच्या कौशल्याचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. पण तें कौशल्य पणास लावण्याची वेळ आली ती एका गुणाकारामुळें.

ही चूक पकडण्यास मोठी विद्वत्ता लागत होती काय? मुळींच नाहीं. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम असतें. विमानाचें हें इंधन रॉकेलाच्या जातीचें, आणि रॉकेल पाण्यावर तरंगतें हें स्वयंपाकघरांत स्टोव्ह पाहिलेल्या कोणाही गृहिणीला ठाऊक होतें. जें पाण्यावर तरंगतें, त्याचें एक लिटर एक किलोग्रॅमाहून हलकेंच असावयास हवें. मग तें १.७७ किलोग्रॅम कसें भरेल? एवढा एक प्रश्न कोणी उत्तरास विचारला असता, तर तें विमान जमिनीवरच थांबलें असतें. उत्तर आल्यावर 'हें संभवतें काय?' असें विचारण्याची संवय ही परीक्षेंतील गुणांपुरती नाहीं, ती यासाठीं लावावयाची.

चौथें उदाहरण प्रत्येक घराच्या दारांतलें आहे. एक मोटार ताशीं ३६ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगानें चालली आहे. समोर २० मीटरांवर एक मूल चेंडूच्या मागें धांवत रस्त्यांत आलें. चालकाच्या तें ध्यानांत येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत १ सेकंद गेला असें समजावें. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदास सेकंदाला ५ मीटरांनीं कमी होतो. मोटार वेळेंत थांबेल काय?

पहिल्या सेकंदांत ती पूर्ण वेगानें १० मीटर जाते. नंतर वेग शून्यावर येण्यास २ सेकंद लागतात; त्या वेळांतील मधला वेग ५ मीटर, म्हणून अंतर आणखी १० मीटर. एकूण २० मीटर. मोटार मुलाच्या अगदीं जवळ येऊन, पण थांबते.

आतां तीच मोटार ताशीं ५४ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगानें येत आहे. वेग दीडपट झाला. थांबण्याचें अंतर दीडपट, म्हणजे ३० मीटर होईल असें सहज वाटतें. पण पहिल्याच सेकंदांत १५ मीटर गेले, आणि ब्रेक लागल्यावर थांबावयास लागतात २२.५ मीटर, कारण तें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. एकूण ३७.५ मीटर हवेत, आणि समोर आहेत २०. मग मूल जेथें आहे तेथें पोंचतांना मोटारीचा वेग किती उरलेला असेल? ब्रेकला मिळाले केवळ ५ मीटर. १५ चा वर्ग २२५, त्यांतून ५ मीटर आणि वेगाची घट ५ यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे ५०, वजा करावी, राहिले १७५. त्याचें वर्गमूळ सुमारें १३.२. म्हणजे मोटार ताशीं सुमारें ४७ ते ४८ किलोमीटर वेगानें आदळते. पहिला चालक जेथें पूर्ण थांबला, तेथें दुसऱ्याचा वेग जेमतेम सहा-सात किलोमीटरांनींच उतरलेला असतो. आणि ताशीं ७२ किलोमीटर वेगानें येणाऱ्याचा? त्याचा पाय ब्रेकवर पडतो तेव्हांच मोटार मुलापर्यंत पोंचलेली असते.

यांत पावसाळ्याची भर घालावी. ओल्या रस्त्यावर चाकांची पकड कमी होते. वेगाची घट निम्मी, म्हणजे अडीच मीटर धरली, तर ताशीं ३६ किलोमीटर वेगाच्या मोटारीलाही थांबण्यास १० आणि २० मिळून ३० मीटर लागतात. ती मुलाजवळ पोंचते तेव्हां तिचा वेग ताशीं सुमारें २५ किलोमीटर उरलेला असतो. कोरड्या रस्त्यावर सावध ठरलेला चालक ओल्या रस्त्यावर त्याच वेगानें सावध राहत नाहीं. या गणितांत वर्ग, वर्गमूळ आणि गुणाकार यांपलीकडे कांहीं नाहीं. पण जें मूल तें स्वतःच्या हातानें सोडवील, तें उद्यां वाहन चालवूं लागल्यावर 'थोडासाच तर वेग वाढविला' असें म्हणतांना दोनदां विचार करील. कोणी सोडवून दिलेलें उत्तर डोळ्यांपुढून जातें आणि विसरतें. स्वतः काढलेलें साडेसदतीस विसरत नाहीं.

पालकांना हा विषय येत नसला तरी मुलाला साह्य करतां येण्यासारखें आहे. त्यांनीं उत्तर सांगूं नये, सूत्रही सांगूं नये; केवळ क्रमानें कांहीं प्रश्न विचारावे. उदाहरणांत काय घडत आहे, तें सूत्रावांचून साध्या मराठींत सांग. त्याचें चित्र काढ. काय दिलें आहे आणि कोणत्या एककांत? न सांगतां काय गृहीत धरलें आहे? उत्तर काढण्यापूर्वीं अंदाजानें किती येईल? आणि शेवटीं, आलेलें उत्तर खरोखर घडूं शकतें काय? या प्रश्नांचीं उत्तरें देतां देतां निम्म्याहून अधिक उदाहरण सुटलेलें असतें. एका बैठकींत वीस उदाहरणें उरकण्यापेक्षां चारच घ्यावीं, आणि प्रत्येक सुटल्यावर त्यांतील एखादा आंकडा बदलून काय होईल तें मुलानेंच सांगावें. वेग दुप्पट केला तर? दगड चंद्रावर सोडला तर? उत्तर चुकलें तर रागावूं नये. चूक कोणत्या पायरीवर झाली तें मुलालाच शोधूं द्यावें, कारण तो शोध हाच त्या दिवसाचा खरा धडा असतो. यंत्राचें साह्य घ्यावयाचें असेल तर तें आपलें उत्तर काढून झाल्यावर, ताळा पाहण्यासाठीं घ्यावें.

उदाहरणें पुस्तकांतलींच हवींत असेंही नाहीं. न्हाणीघरांतील गीझर हें एक चांगलें उदाहरण आहे. २० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यावयाचें. एक लिटर पाण्यास एक अंश तापविण्यास सुमारें ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून २० गुणिलें ३० गुणिलें ४.२, म्हणजे २,५२० किलोज्यूल. विजेचें एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तेव्हां खर्च ०.७ युनिट. गीझर २ किलोवॅटचा असेल तर तो सेकंदाला २ किलोज्यूल देतो. वेळ लागेल १,२६० सेकंद, म्हणजे २१ मिनिटें. एखाद्या रविवारीं सकाळीं घरांतील इतर विजेचीं उपकरणें बंद ठेवून मुलाला घड्याळ घेऊन मीटरासमोर उभें करावें आणि टाकीवर जो आंकडा लिहिला असेल तो घेऊन आधीं हिशेब मांडावयास सांगावें. मीटर हिशेबाहून थोडें अधिक दाखवील. तें अधिक कोठें गेलें, हा पुढचा प्रश्न मूल आपणहून विचारील. टाकीला हात लावून पाहील, नळाला हात लावून पाहील. तो प्रश्न त्याच्या तोंडून येईपर्यंत घरांतील वडील मंडळींनीं गप्प राहावें.